बादशाह खान : पठाणांच्या सब्राची गोष्ट

१९३८ च्या ऑक्टोबरअखेरीस रमजानचा चंद्र दिसला तेव्हा वायव्य सरहद्द प्रांतातून एक काफिला फिरत होता. त्यात नुकतीच सत्तरीकडे झुकलेली महात्मा गांधींची कृश मूर्ती होती आणि शेजारी सहा फुटांहून उंच, जाड्याभरड्या खादीतले खान अब्दुल गफार खान होते. सारा प्रांत त्यांना बादशाह खान म्हणत असे. बन्नू, डेरा इस्माईल खान असा डोंगराळ, धुळीचा प्रवास चालला होता. रोजे सुरू झाले म्हणून दौरा थांबला नाही. बादशाह खान आणि त्यांचे स्वयंसेवक दिवसभर अन्नपाण्यावाचून गावोगाव फिरत होते आणि सूर्य मावळल्यावर रोजा सोडत होते.

गांधीजी या दौऱ्यात एक गोष्ट तपासायला आले होते. बंदूक ज्याच्या खांद्यावर लहानपणापासून असते अशा पठाणाने ती खाली ठेवली आहे, ती नेत्याच्या शब्दाखातर, की मनातून? सभांमध्ये आणि लहान लहान बैठकांत त्यांनी खुदाई खिदमतगारांना हाच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. दुबळ्याची अहिंसा त्यांना नको होती. ज्याला मारता येते आणि तरी जो मारत नाही, त्याचीच अहिंसा खरी, असे ते मानत.

रोजा धरलेल्या माणसाला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. घरात अन्न आहे, हात पोहोचतो, कोणी पाहत नाही, तरीही घास तोंडात जात नाही. ज्याच्या घरात काहीच नाही त्याच्या उपाशी राहण्याला रोजा म्हणत नाहीत. कुरआनात सब्र हा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि मुस्लिम परंपरेत रमजानला सब्राचा महिना मानले जाते. बादशाह खानांनी हा शब्द महिन्यापुरता न ठेवता उभ्या आयुष्याला लावला, आणि नंतर एका संपूर्ण चळवळीला.

त्यांचा जन्म १८९० च्या सुमारास पेशावरजवळच्या चारसद्दा भागातील उतमानझई या गावी झाला. वडील बहराम खान गावचे मोठे जमीनदार. पठाणांच्या रीतीत पाहुणचार आणि शरण आलेल्याला आसरा या जशा मोठ्या गोष्टी, तसाच बदलाही. एका खुनाचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत राही. अशा मुलखात बहराम खानांचे कोणाशी वैर नव्हते. त्यांनी आपल्या शत्रूंना माफ करून टाकले होते. मुलाने पुढे जे लाखभर लोकांना शिकवले, त्याचा पहिला धडा घरातच मिळाला होता.

थोरले भाऊ अब्दुल जब्बार, म्हणजे पुढचे डॉ. खानसाहेब, वैद्यकीय शिक्षणासाठी विलायतेला गेले. धाकटा पेशावरच्या मिशन शाळेत शिकला. तिथले पाद्री रेव्हरंड विग्रम यांची सेवावृत्ती त्याच्या मनावर कायमची ठसली. दुसऱ्या धर्माच्या माणसाकडून काही शिकल्याने आपला धर्म उणा होत नाही, ही समज त्याला तिथेच आली. उंचापुऱ्या या तरुणाला ब्रिटिश सैन्याच्या नामांकित ‘गाइड्स’ पलटणीत अधिकारी म्हणून जागाही मिळत होती. त्या काळी पठाण घराण्याला याहून मोठा मान नव्हता. पण पेशावरमध्ये आपल्या ओळखीच्या एका हिंदी अधिकाऱ्याचा एका गोऱ्या अधिकाऱ्याने केवळ इंग्रजी पद्धतीच्या केसांवरून सर्वांदेखत पाणउतारा केलेला त्याने पाहिला आणि त्या नोकरीवर पाणी सोडले. काही काळ तो अलीगढला राहिला. पुढे विलायतेला जाण्याचे ठरले तर आईने परवानगी दिली नाही. एक मुलगा परदेशी गेला होताच, दुसरा तिला दूर करायचा नव्हता. आईची इच्छा मोडून तो गेला नाही.

मग त्याने गावातच काम शोधले. १९१० मध्ये उतमानझईला शाळा निघाली. या कामात त्याला तुरंगझईचे हाजीसाहेब या वडीलधाऱ्या धर्मपुरुषाची साथ होती. इथे एक तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून हिंदुस्थानात परतले ते जानेवारी १९१५ मध्ये. ‘सरहद्द गांधी’ हे नाव लोकांनी प्रेमाने दिले खरे, पण त्यामुळे बादशाह खान म्हणजे गांधीजींची सावली असा समज होतो. गांधीजींचे नावही सरहद्दीवर नीट पोहोचले नव्हते तेव्हा हा माणूस आपल्या गावात मुलांना अक्षरे शिकवत होता.

१९१५ हे वर्ष आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. त्या साली हाजीसाहेब ब्रिटिशांच्या हद्दीबाहेर टोळ्यांच्या मुलखात निघून गेले आणि त्यांनी शस्त्र उचलले. १९३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तिकडेच राहिले. एकाच तालुक्यातली, एकाच शाळेसाठी झटलेली, दोघेही नमाज-रोजाची पाबंदी करणारी ही दोन माणसे. इंग्रज जावा असे दोघांनाही वाटत होते. एकाने डोंगर जवळ केला, दुसरा गावातच राहिला. हाजीसाहेबांच्या धैर्याबद्दल बादशाह खानांना आदर होता. पण त्यांच्या ध्यानात आले होते, की पठाणाला लढायला कोणी शिकवण्याची गरज नाही. त्याला न लढता उभे राहायला शिकवणे हेच अवघड काम आहे. सशस्त्र उठावानंतर सरकार गावे जाळते, आणि सरकार थकले की भावकी एकमेकांवर उठते, हे ते लहानपणापासून पाहत आले होते.

रौलेट कायद्याविरुद्धच्या चळवळीत १९१९ मध्ये त्यांना पहिल्यांदा अटक झाली. त्यांच्या पायांना बसतील एवढ्या मोठ्या बेड्या तुरुंगात मिळेनात, म्हणून लहान बेड्याच ठोकून बसवल्या आणि घोट्यांची सालटी निघाली. १९२१ मध्ये त्यांनी समाजसुधारणेसाठी ‘अंजुमन’ स्थापन केली, आझाद शाळा काढली आणि त्याच वर्षी तीन वर्षांची शिक्षा पत्करली. एका धनिकाचा मुलगा तुरुंगात चक्कीवर धान्य दळू लागला. १९२४ मध्ये तो सुटला तेव्हा लोकांनी त्याला ‘फख्र-ए-अफगाण’, पठाणांचा अभिमान, हा किताब दिला. १९२६ मध्ये ते हजला गेले. त्याच प्रवासात जेरुसलेममध्ये पडल्याने त्यांच्या दुसऱ्या पत्नीचा मृत्यू झाला. पहिली पत्नी आधीच गेली होती. त्यानंतर त्यांनी लग्न केले नाही. १९२८ मध्ये त्यांनी ‘पख्तून’ हे पश्तो मासिक काढले. ज्या भाषेत बायका गाणी म्हणत आणि पुरुष भांडत, त्या भाषेत वाचायला मात्र काही नव्हते. ती उणीव त्यांना भरून काढायची होती.

१९२९ मध्ये ‘खुदाई खिदमतगार’ उभी राहिली. खुदाई खिदमतगार म्हणजे ईश्वराचा सेवक. ईश्वराला कोणाच्या सेवेची गरज नसते, म्हणून त्याने निर्माण केलेल्या माणसांची सेवा हीच त्याची सेवा, असा सरळ अर्थ. भरती होणाऱ्याला शपथ घ्यावी लागे. हिंसा करणार नाही, बदला घेणार नाही, जुलूम करणाऱ्याला माफ करीन, भावकीतले वैर सोडीन, साधा राहीन, रोज किमान दोन तास अंगमेहनतीची सेवा करीन आणि त्याचा मोबदला मागणार नाही. पठाणाची शपथ ही साधी बाब नाही. ती मोडली तर तो कुळात तोंड दाखवू शकत नाही. बदल्याच्या रीतीला बादशाह खानांनी उत्तर दिले ते दिलेल्या शब्दाला जागण्याच्या रीतीने. बाहेरून काही न आणता पठाणांच्याच एका मूल्यासमोर त्यांनी पठाणांचेच दुसरे मूल्य उभे केले.

कपड्यांची गोष्टही अशीच साधी. सुरुवातीचे पांढरे सदरे धुळीने मळत. कोणीतरी ते कातडी कमावण्याच्या जागी नेऊन रंगवले आणि विटकरी रंग चढला. तोच गणवेश झाला. इंग्रज सरकारला त्यात रशियाचा लाल रंग दिसला. खरे तर तो गरिबाच्या खिशाला परवडणारा रंग होता. या संघटनेत हिंदू आणि शीख येऊ शकत. बायकाही पुढे आल्या, आणि त्या मुलखात ही लहान बाब नव्हती.

धर्मग्रंथाचा आधार विचारणाऱ्यांना बादशाह खान मक्केकडे बोट दाखवत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मक्केत १३ वर्षे छळ, बहिष्कार आणि अपमान सोसला, त्यांचे साथी तापलेल्या वाळूवर लोळवले गेले, तरी उलट हात उचलला गेला नाही. मुसलमानाला अहिंसा हिंदूंकडून उसनी घ्यावी लागत नाही, ती त्याच्या घरातच होती, तो विसरला होता, असे त्यांचे म्हणणे होते. या मांडणीवर वाद घालणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. पण वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी आपल्या म्हणण्याची किंमत त्यांच्याइतकी मोजली आहे.

परीक्षा लवकरच आली. मिठाच्या सत्याग्रहात २३ एप्रिल १९३० रोजी बादशाह खानांना अटक झाली. त्याच दिवशी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात जमलेल्या निःशस्त्र गर्दीवर लष्कराच्या चिलखती गाड्या घातल्या गेल्या आणि गोळीबार झाला. मृतांचा सरकारी आकडा आणि लोकांचा आकडा यांत फार मोठे अंतर राहिले. माणसे पडत होती, मागची पुढे येत होती आणि बंदुकांच्या मुलखात एकाही बंदुकीने उत्तर दिले नाही. गढवाल रायफल्सच्या तुकडीला गोळीबाराचा हुकूम मिळाला, तेव्हा हवालदार चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी तो मानला नाही. समोरचे मुसलमान पठाण होते आणि हे हिंदू गढवाली. तरीही निःशस्त्रांवर गोळी चालवायला त्यांची बोटे तयार झाली नाहीत. गढवालींना जन्मठेप झाली, अकरा वर्षांनी ते सुटले. अहिंसेचा परिणाम समोरच्या बंदूकधाऱ्यावर होतो का, या प्रश्नाला त्या दिवसाने एक उत्तर दिले. ते पूर्ण उत्तर नव्हते, कारण गोळ्या घालणाऱ्या दुसऱ्या तुकड्याही तिथे होत्या.

नंतर गावे वेढली गेली, खिदमतगारांना मारहाण झाली, भर बाजारात त्यांचे कपडे उतरवले गेले. अंगावरचे वस्त्र पठाणाला जिवाहून प्यारे. अशा अपमानानंतर पूर्वी मुडदे पडले असते. या वेळी संघटना शेकड्यांवरून वाढत गेली आणि पुढे तिची संख्या एक लाखाच्या घरात सांगितली जाऊ लागली.

१९३१ च्या डिसेंबरात पुन्हा अटक, मग हजारीबागचा तुरुंग. १९३४ च्या ऑगस्टमध्ये दोघे भाऊ सुटले, पण सरहद्द आणि पंजाबात पाऊल ठेवण्याची बंदी झाली. तेव्हा त्यांना घर दिले ते आपल्या वर्ध्याने. जमनालाल बजाज आणि गांधीजी यांच्या सहवासात ते राहिले. आश्रमाच्या प्रार्थनेला ते बसत आणि आपला नमाज वेळच्या वेळी अदा करत. दोन्हींमध्ये त्यांना कधी ओढाताण जाणवली नाही. याच काळात महादेवभाई देसाई यांनी दोघा भावांवर इंग्रजीत छोटे पुस्तक लिहिले. त्या ऑक्टोबरात मुंबईला काँग्रेसचे अधिवेशन होते. अध्यक्षपद त्यांना देऊ केले गेले. आपण शिपाईगडी आहोत, शिपाईच राहू, असे सांगून त्यांनी ते नाकारले. मुंबईत ख्रिस्ती मंडळींपुढे केलेल्या भाषणावरून राजद्रोहाचा खटला भरला गेला, डिसेंबरात वर्ध्यात त्यांना पकडले आणि दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. पाहुणा म्हणून आलेला माणूस कैदी म्हणून गेला.

या दोन नेत्यांची तुलना करताना एक प्रसंग फार बोलका आहे, आणि तो पुण्याशी जोडलेला आहे. दुसरे महायुद्ध सुरू होते. स्वातंत्र्याचे वचन मिळाले तर युद्धात सहकार्य करू, असा प्रस्ताव जुलै १९४० मध्ये काँग्रेसने स्वीकारला आणि पुण्याच्या बैठकीत त्यावर शिक्कामोर्तब झाले. मौलाना आझाद तेव्हा अध्यक्ष होते. आझाद, नेहरू, राजाजी यांच्यासाठी अहिंसा हे लढ्याचे धोरण होते. त्यांची देशभक्ती कोणाहून कमी नव्हती. परकीय आक्रमणापुढे देशाला सैन्य लागेल हे त्यांचे म्हणणे बिनबुडाचे नव्हते. पण बादशाह खान कार्यकारिणीतून बाहेर पडले. खिदमतगाराची शपथ इंग्रजांपुरती नव्हती, म्हणून ती जर्मनांसाठीही मोडता येणार नव्हती. मोठमोठे सहकारी गांधीजींपासून दूर गेले तेव्हा ज्याच्या कुळात पिढ्यान्‌पिढ्या बंदूक होती तो त्यांच्या बाजूला उभा होता.

तरी दोघांत फरक होताच. गांधीजी आपल्या मनातली प्रत्येक घालमेल लिहून काढत. त्यांचे लेखन शंभरेक खंड भरेल एवढे. बादशाह खान कमी लिहीत, चालत जास्त. गांधीजींची चळवळ उपवास, मीठ, चरखा अशा खुणांवर उभी राहिली; बादशाह खानांची चळवळ शिस्तीच्या कवायतीवर, ढोलाच्या तालावर चालणाऱ्या पलटणीवर. अमेरिकेतील मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव याच रांगेत येते. माँटगोमेरीच्या बसबहिष्कारात ३८१ दिवस हजारो कृष्णवर्णी माणसे पायी चालली, ती चर्चमध्ये जमून, प्रार्थना करून. किंग यांच्यामागे चर्च होते आणि समोर वृत्तपत्रे, कॅमेरे, न्यायालये होती. बादशाह खानांमागे मशीद, हुजरा आणि जिरगा होते. समोर मात्र असे सरकार होते, जे वार्ताहरांना त्या डोंगरांत फिरकू देत नव्हते. म्हणून पेशावरचे बलिदान जगाला मीठ सत्याग्रहाइतके कधी दिसलेच नाही. गांधीजींना १९४८ मध्ये आणि किंग यांना १९६८ मध्ये गोळी लागली. बादशाह खान वाचले. पण त्यांच्या वाट्याला आले ते फार लांबलेले दुःख होते.

जून १९४७ मध्ये काँग्रेसने फाळणी आणि सरहद्दीतले सार्वमत मान्य केले. ज्या प्रांताने वर्षभरापूर्वीच्या निवडणुकीत काँग्रेसला कौल दिला होता, त्याला आता हिंदुस्थान की पाकिस्तान एवढेच विचारले जाणार होते. खिदमतगारांनी पख्तुनांचे स्वतंत्र राज्य हा तिसरा पर्याय मागितला. तो नाकारला गेला. जुलैतल्या सार्वमतावर त्यांनी बहिष्कार टाकला. पाकिस्तानच्या बाजूने २,८९,२४४ आणि विरुद्ध २,८७४ मते पडली. पाकिस्तानला मिळालेली मते एकूण मतदारांच्या निम्म्याहून किंचितच जास्त होती. रक्तपात टळावा म्हणून बहिष्कार, असे त्यांचे कारण होते. पण मैदान सोडल्याने निकाल सोपा झाला, ही टीकाही खोटी म्हणता येत नाही. ज्यांच्यासाठी आपण गोळ्या खाल्ल्या त्यांनी विचारल्यावाचून हात सोडला, ही जखम त्यांच्या मनात अखेरपर्यंत राहिली.

पाकिस्तान झाल्यावर फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांनी तिथल्या घटना समितीत निष्ठेची शपथ घेतली. तरी जूनमध्ये त्यांना अटक झाली. १२ ऑगस्ट १९४८ रोजी, ते तुरुंगात असताना, चारसद्द्याजवळ बाबडा इथे त्यांच्या निःशस्त्र अनुयायांवर गोळीबार झाला. इथेही आकड्यांवर एकमत नाही. किस्सा ख्वानीला गोळी झाडणारे सरकार परके होते. या वेळी सरकार स्वतःचे होते, स्वधर्मीयांचे होते. तरीही खिदमतगारांनी बदला घेतला नाही. शपथेची याहून कठीण कसोटी दुसरी नसेल.

त्यानंतर कधी तुरुंग, कधी नजरकैद, कधी अफगाणिस्तानातला विजनवास. इंग्रजांच्या आणि पाकिस्तानच्या कैदेत मिळून त्यांच्या आयुष्याची सुमारे ३० वर्षे गेली. १९६२ मध्ये अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यांची ‘वर्षातील कैदी’ म्हणून निवड केली. पाकिस्तानात त्यांना हिंदूंचा हस्तक म्हटले गेले, तर भारतात त्यांचे नाव रस्त्यांच्या आणि बाजारांच्या पाट्यांवर उरले.

१९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीसाठी ते बावीस वर्षांनी भारतात आले. विमानातून उतरले तेव्हा सामान म्हणजे हातातली एक पोटली. नेमकी त्याच सुमारास गांधीजींच्या अहमदाबादमध्ये दंगल पेटली होती. ऐंशीच्या घरातल्या या पाहुण्याने सत्कार घेण्याआधी तीन दिवस उपवास केला आणि मग तो अहमदाबादला गेला. संसदेतही त्याने गोड बोलण्याचे टाळले. ज्यांनी गांधीजींना राष्ट्रपिता केले ते त्यांचा मार्ग विसरत चालले आहेत, असे त्याने तोंडावर सांगितले. १९८५ च्या डिसेंबरात काँग्रेसच्या शताब्दीसाठी ते पुन्हा मुंबईला आले. १९८७ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. परदेशी नागरिकाला मिळालेला तो पहिला भारतरत्न.

२० जानेवारी १९८८ रोजी पेशावरमध्ये त्यांचे निधन झाले. वय ९८ च्या आसपास. त्यांच्या इच्छेनुसार दफन अफगाणिस्तानातील जलालाबादला व्हायचे होते, आणि तिथे युद्ध चालू होते. अंत्ययात्रेसाठी दोन्ही बाजूंनी बंदुका थांबल्या. सरहद्द उघडली गेली आणि हजारो माणसे कागदपत्रांशिवाय खैबर खिंड ओलांडून जनाज्याबरोबर गेली. दफनाच्या वेळी जलालाबादमध्ये उभ्या वाहनांत स्फोट झाले आणि जनाज्याला आलेल्यांतले काही जण तिथेच गेले. शोक करायला आलेल्या त्या गर्दीत विटकरी सदऱ्यातले म्हातारे खिदमतगारही होते. ५९ वर्षांपूर्वीची शपथ त्यांनी अजून मोडली नव्हती.